चंद्राक्काची अमेरिकन इंजिनं

चंद्राबाईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी मध्येच बोट वर करायला नको. एबीसीडी यायची, आकडे यायचे, दुकानांच्या पाट्या अडखळत लागायच्या, संपलं. आणि या बाईच्या, बंगलोरच्या चामराजपेटेतल्या बाइंडिंगच्या दुकानात, खळीच्या डब्यांच्या वरच्या फळीवर, अमेरिकन रेल्वे इंजिनांचे एकोणीस जुने कोश ओळीने उभे होते. एकेक ठोकळा तीन-चार किलोचा. सगळ्यात जुना १९०६ सालचा, सगळ्यात नवा १९३८ चा. इंजिनाचा प्रत्येक खिळा, प्रत्येक नळी, प्रत्येक चाक त्यात चित्र काढून, आकडा घालून दाखवलेलं. फळी मध्ये वाकली होती, पण फळीवरचं एक पुस्तक हलवायची कुणाची छाती नव्हती.

चंद्राबाईचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून इकडे आलं. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की कन्नड. पेटेत तिला सगळे अक्का म्हणायचे, चंद्राक्का. रंगाने सावळी, बांध्याने ठेंगणी, आणि नाकाच्या शेंड्यावर राग. गिऱ्हाइकाने एकदा सांगितलेलं माप दुसऱ्यांदा बदललं की ती वही परत त्याच्या हातात द्यायची आणि "सरी, बरं मग, दुसरीकडे जावा" म्हणून मोकळी व्हायची. तरी कोर्टाची रजिस्टरं, मठाच्या पोथ्या, कॉलेजचे प्रबंध तिच्याकडेच यायचे, कारण तिची जुजबंदी शिलाई तीस वर्षांत सुटत नसे. फर्म्याच्या घडीतून एकेक टाका घालत सगळं पुस्तक एका दोऱ्यात ओवायचं, असं ते काम. आजकाल कोण करतो?

पुस्तकं मिळायची कुठे? ॲव्हेन्यू रोडच्या फुटपाथवर, रविवारी सकाळी. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या क्लबाने लायब्ररी मोकळी केली तेव्हा चार मिळाली. एका इंजिनियरिंग कॉलेजाने जुनी पुस्तकं रद्दीत काढली, त्यात तीन. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेतून इंजिनं आपल्या देशात उतरली होती, त्यांच्या मागोमाग ही पुस्तकंही उतरली असणार. व्हाइटफील्डला एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरची विधवा राहायची, तिने तर दोन कोश फुकट दिले, वर चहा पाजला. नातेवाइकांनी तोंड सोडलं ते सोडलंच. भावजय म्हणायची, लोकांच्या बायका सोनं जमवतात, आमच्या वन्संनी लोखंड जमवलं, तेही कागदावरचं. नवरा होता तोपर्यंत तो बिचारा हसून गप्प बसायचा. तो एक्याण्णव साली गेला, आणि मग तर सगळ्यांनाच सल्ले द्यायचा परवाना मिळाला. चंद्राक्काचं उत्तर ठरलेलं होतं. तुमच्या सोन्याची चाकं फिरतात का, एवढं विचारून ती पुन्हा सुईत दोरा ओवायची.

वरच्या खोलीत महांतेश भाड्याने राहायचा. हा निपाणीकडचा, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात टर्नर. चाळिशीचा, एकटा, मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच वाक्यात बोलणारा. तो चित्रांखालची इंग्रजी अक्षरं वाचायचा आणि ती त्याला चित्र वाचून दाखवायची. ही नळी वाळूच्या डब्यातून निघते, चाकापुढे रुळावर वाळू सोडते, चढावर चाक घसरू नये म्हणून. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एकोणीस पुस्तकांतली तीच नळी पुन्हा पुन्हा बघून तिने ते काढलं होतं. महांतेश सुरुवातीला हसला, मग दोन-तीनदा तोंडावर आपटला, आणि मग त्याने कानाला खडा लावला.

आता हे सगळं सुरू कशाने झालं, तर एका चुकीने.

एकसष्ट साली रेल्वेच्या एका इन्स्टिट्यूटमधून १९१२ सालचा कोश बाइंडिंगला आला होता. दुकान तेव्हा तिच्या वडिलांचं, कृष्णाजीरावांचं. पेटेतला पहिला हात त्यांचा. पुस्तकात अकरा लांबलचक चित्रं होती, मोठी पानं घडी घालून आत बसवलेली. बाइंडरचा नियम असा, की कडा कापायच्या आधी घडीचं प्रत्येक चित्र आत सारायचं, कारण घडी बाहेरच्या कडेला आली तर मशीनच्या पात्याखाली तीच जाते. चंद्रा एकोणीस वर्षांची होती. अप्पा आत जेवायला बसले होते, रस्त्यावर कुणाच्या तरी लग्नाची मिरवणूक वाजत होती, आणि तिला ती बघायची होती. तिने पुस्तक मशीनवर ठेवलं आणि चाक फिरवलं. अकराच्या अकरा इंजिनं मधोमध दुभंगली. एक सूत कापलं, म्हणजे घडीच्या दोन्ही अंगांनी मिळून पाव इंचाची पट्टी प्रत्येक चित्रातून गेली, आणि खाली कातरणाच्या ढिगात पडलेल्या त्या अकरा पट्ट्यांतून कुठली कुठली, हे ओळखायला ब्रह्मदेव आला असता तरी हात टेकले असते.

कृष्णाजीरावांनी मुलीवर हात उगारला नाही. ते स्वतः पुस्तक घेऊन इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि माझा हात चुकला म्हणून सांगून आले. तिथल्या साहेबाने चार लोकांसमोर त्यांना नको नको ते सुनावलं, पुस्तक त्यांच्याच अंगावर टाकलं, आणि रेल्वेचं काम कायमचं बंद झालं. चंद्रा रडली, म्हणाली मी जाऊन खरं सांगते. तेव्हा अप्पा एवढंच बोलले:

"माझं नाव होऊन गेलंय, खराब झालं तरी चालेल. तुझं व्हायचंय अजून. पोरीने कापलं हे कळलं तर या पेटेत तुझ्या हाती कुणी कोरी वही देणार नाही."

म्हणून ती गप्प राहिली. अप्पा चौऱ्याहत्तर साली गेले, त्यानंतरही गप्प राहिली. आता कशाची भीती होती? दुकान तिचं होतं, हात नावाजलेला होता. पण सांगायची वेळ आली की ती दुसरंच काही बोलायची. मनातल्या मनात तिने स्वतःला भित्री म्हटलं, हजारदा म्हटलं, आणि कामाला लागली.

ते कापलेलं पुस्तक तिच्या फळीवरचं पहिलं. अकरा चित्रं तिने पातळ कागदावर पाव इंचाची फट सोडून पुन्हा जोडली होती. फटीत काय होतं? ते कळायला दुसऱ्या सालांचे कोश हवेत, म्हणून दुसरा घेतला, तिसरा घेतला. तेच इंजिन थोडं बदलून १९०६ च्या कोशात सापडायचं, थोडं बदलून १९१६ च्या कोशात. त्यावरून ताडून ती बारीक पेन्सिलीने फटीत रेघा ओढायची. एक पट्टी भरायला कधी महिना लागला, कधी चार वर्षं. सदतीस वर्षांत अकराही भरल्या. बरोबर की चूक, हे सांगायला बारा सालचंच अख्खं पुस्तक हवं होतं, आणि ते कुठे म्हणून मिळालं नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या ऑगस्टात एका शनिवारी दुपारी ते आपल्या पायांनी चालत दुकानात आलं.

घेऊन येणारा होता श्रीरंग. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, सर्जापूर रोडला तेव्हा नव्याने उठणाऱ्या इमारतींपैकी एकीत राहणारा. त्याच्या कंपनीला अमेरिकेतल्या एका रेल्वे कंपनीचं काम होतं. दोन हजार साल उगवलं की कॉम्प्युटर तारखांचा घोळ घालणार, तो आधीच निस्तरायचा, असं काहीतरी. तिकडची साहेब मंडळी येत्या गुरुवारी ऑफिस बघायला येणार होती. श्रीरंगने तिकडच्या एका जुन्या बाजारातून हा कोश आणला होता आणि ऑफिसात शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर त्यातली चित्रं फ्रेम करून लावायची त्याची कल्पना होती. पुस्तकाची शिलाई सैल झालेली, पानं हलत होती. त्याने ते फळकुटावर ठेवलं आणि म्हणाला, "मावशी, ॲक्चुअली मला फक्त या फोल्डिंग प्लेट्स हव्यात. एकदम क्लीन कट पाहिजे. बाकीचं बुक तुम्ही ठेवा, नाहीतर रद्दीत टाका."

चंद्राक्काने पहिलं पान उलटलं, १९१२ साल बघितलं आणि घडीची चित्रं मोजली, अकराच्या अकरा. मग तिने स्पष्ट शब्दांत सांगितलं की हे पुस्तक कापायचं काम ती करणार नाही. श्रीरंगला वाटलं, बाई भाव वाढवतेय. तो म्हणाला चार्जेसचं टेन्शन घेऊ नका. तेवढ्यात बाहेर त्याच्या गाडीमुळे बस अडकली होती आणि ड्रायव्हर आईबाप काढत होता. मंडेला येतो म्हणत श्रीरंग पळाला. पुस्तक तिथेच.

रविवारी सकाळी तिने महांतेशला वरून हाक मारली. दुकानाची अर्धी फळी उघडून, उजेडात, दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडली. महांतेशने कारखान्यातली मोजपट्टी आणली होती. पहिलं चित्र. तिची पेन्सिलीची रेघ आणि खरी रेघ, अंतर तेच, जाडी तीच. दुसरं बरोबर. तिसरं बरोबर. पाचव्यापासून महांतेश कन्नडमधून देवाचं नाव घ्यायला लागला. अकरापैकी दहा तंतोतंत निघाली. एकात तेलाची नळी तिने सरळ ओढली होती, खरी नळी खाली वाकून गेली होती. इंग्रजी वाचता न येणाऱ्या बाईने, दोन सूत कागदात, अमेरिकेचं इंजिन परत उभं केलं होतं. ती हसली, मग रडली, मग महांतेशला म्हणाली, "कॉफी कर की रे, बघत काय उभा राहिलास." कॉफी पिऊन तिने रबर घेतलं, नळी खोडली, वाकडी ओढली.

आता खरं तर तिचं काम संपलं होतं. तिला जे बघायचं ते बघून झालं, पुस्तक जाईना का खड्ड्यात. पण हाताखालचं ते सैल, हलणारं पुस्तक बघून तिच्या डोक्यात सणक गेली. या चित्रांवर दोनदोनशे आकडे छापलेत, आणि त्या आकड्यांची नावं समोरच्या पानावर आहेत. चित्र कापलं की भिंतीवर नुसते आकडे आणि रद्दीत नुसती नावं. एकदा तिच्या हाताने हे पाप झालं होतं, चुकून. आता हा मुलगा तेच तिला मुद्दाम करायला सांगत होता, तेही त्याच सालच्या, त्याच पुस्तकाला.

तिने सुई घेतली. विचारलं नाही, पुसलं नाही. दुपारभर बसून सगळं पुस्तक जुजबंदीने शिवून काढलं, घडीच्या प्रत्येक चित्राच्या मुळाशी कापडाची पट्टी लावून. शेवटची गाठ हिरव्या दोऱ्याची मारली. ती तिची खूण होती.

सोमवारी श्रीरंग आला आणि पुस्तक बघून त्याचा चेहरा उतरला. मी हे सांगितलंच नव्हतं, तो म्हणाला. चंद्राक्का म्हणाली, म्हणूनच पैसे घेत नाही. तो भडकला, बंगलोरमध्ये तुम्ही एकट्याच बाइंडर नाही म्हणाला. तिने ते मान्य केलं आणि ॲव्हेन्यू रोडला जायचा जवळचा रस्ता दाखवला.

पण एक गोष्ट त्या पुणेकराला ठाऊक नव्हती. इथल्या बाइंडरांत एक अलिखित रीत होती. दुसऱ्याची ताजी शिलाई त्याला विचारल्याशिवाय तोडायची नाही. पहिल्या दुकानात माणसाने पुस्तक उघडून त्याची पाठ वाकवली, हिरवी गाठ दिसली आणि त्याने विचारलं, अक्का हो म्हणाली का? दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्यात तर म्हाताऱ्याने गाठीला हात लावून हात कपाळाला लावला आणि पुस्तक परत दिलं. स्वतः ब्लेड चालवून चित्रं फाटली तर, या भीतीने मंगळवार संध्याकाळपर्यंत श्रीरंगने सहा दुकानं पालथी घातली. शेवटी कुणीतरी सांगितलं, देवाप्पाला गाठ.

देवाप्पा या धंद्यातला सगळ्यात थोर माणूस. पंच्याहत्तरीचा, बेळगावकडचा, मराठीही बोलणारा, भांडणं मिटवण्यात हातखंडा. त्याचा शब्द बाइंडरांत कुणी खाली पडू देत नसे. बुधवारी दुपारी तो स्वतः श्रीरंगला घेऊन चंद्राक्काच्या दारात आला. मागून तमाशा बघायला आणखी दोन बाइंडर आले. वडीलधारा माणूस दारात येऊन परवानगी मागतो, त्याला नाही म्हणायची रीत नव्हती. चंद्राक्काला हे पक्कं माहीत होतं. आत्ता आपण मान हलवली की संध्याकाळपर्यंत ते पुस्तक कापलं जाणार, हेही.

देवाप्पाने पाणी घेतलं, बसला आणि समजुतीच्या सुरात बोलायला लागला. "चंद्रा, पुस्तक त्याचं, चित्रं त्याची. तू कशाला मध्ये येतेस? आणि खरं बोलू? तुझ्या अप्पाने कापलीच होती की अशी चित्रं. काय आभाळ पडलं? आम्ही तर पोरांना शिकवताना आजपण सांगतो, घडीचं पान आधी आत सार, नाहीतर तुझा कृष्णाजी होईल."

मागचे दोघं हसले. वाईट मनाने नव्हे, रोजची थट्टा होती ती.

चंद्राक्काला हे माहीत नव्हतं. सदतीस वर्षं तिच्यासमोर हे कुणी बोललं नव्हतं, आणि सदतीस वर्षं दर दुकानात, दर नव्या पोराला, तिच्या बापाचं नाव चुकीचं दुसरं नाव म्हणून शिकवलं जात होतं. पेटेतल्या पहिल्या हाताचं नाव. तिच्या अंगाची लाही झाली, आणि तो राग देवाप्पावरचा नव्हता.

ती उठली. फळीवरून कापलेला कोश काढला आणि देवाप्पाच्या मांडीवर उघडून ठेवला.

"हे अप्पांनी नाही कापलं. मी कापलं," ती म्हणाली. "एकोणीस वर्षांची होते, घाईत होते. अप्पा आत जेवत होते, त्यांनी मशीनला हातसुद्धा लावला नव्हता. त्यांनी माझं पाप डोक्यावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. आता तुम्हाला माझं काम बंद करायचं तर करा अण्णा, मला कोरी वहीसुद्धा देऊ नका. पण हे पुस्तक मी कापू देणार नाही. तुम्ही मागितलंत तरी नाही."

बाहेर रिक्षा वाजत होत्या. देवाप्पाने चष्मा लावला आणि एकेक चित्र उघडायला लागला. जोड बघितले, बोटाने चाचपले, पेन्सिलीच्या रेघा उजेडाकडे धरून बघितल्या. अकराही बघितली. त्याला बराच वेळ लागला आणि त्याला घाई करायची कुणाची हिंमत झाली नाही. श्रीरंगही कधीतरी पुढे सरकून त्याच्या खांद्यावरून बघायला लागला होता. हे हाताने केलंय का, त्याने हळूच विचारलं. महांतेश कारखान्यातून नुकताच आला होता, तो दारातूनच म्हणाला, दहा बरोबर आहेत साहेब, मी मोजलीत.

देवाप्पाने कोश मिटला, चंद्राक्काच्या हातात दिला. मग श्रीरंगचं पुस्तक उचलून त्याच्या हातात दिलं आणि आपण हे कापणार नाही, दुसरंही कुणी कापणार नाही, असं कन्नडमध्ये सांगून टाकलं. श्रीरंगला शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. त्याने शिलाई ओढून बघितली, ती हलली नाही.

"मग भिंतीवर काय लावू मी, मावशी?"

"भिंत राहू दे रिकामी. पुस्तक टेबलावर ठेव. इंजिनवाले आहेत ना ते? उघडून बघतील की."

त्याला हसू आलं, नको असताना आलं. सरी, म्हणाला तो, पुणेरी उच्चारात, आणि अख्खं पुस्तक काखेत मारून गेला.

देवाप्पा काठी शोधत उठला. पायरीवर चपला घालता घालता तो काहीतरी पुटपुटत होता, कृष्णाजीचंच नाव घेत होता. मागचे दोघं खाली मान घालून उभे होते. चंद्राक्का उंबऱ्यापर्यंत आली, डोळे पुसले, आणि तिघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"अण्णा, उद्यापासून पोरांना नीट शिकवा. घडीचं पान आधी आत सार, नाहीतर तुझी चंद्राक्का होईल."